पूर्वनिर्णयाचा शोध आणि पूर्वनिर्णयाची पारख : वकिलाच्या विधी संशोधन कौशल्याची चिकित्सा

प्रास्ताविक

'विधी संशोधन' हा शब्द आपल्याकडे दोन अगदी भिन्न अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ विद्यापीठीय आहे. गृहीतके, नमुना निवड, प्रश्नावली, सारणीकरण, प्रबंधलेखन हे त्याचे परिचित टप्पे होत. दुसरा अर्थ व्यावसायिक आहे. उद्या युक्तिवादाला लागणाऱ्या प्रकरणाला नेमका कोणता कायदा लागू पडतो, त्या कायद्याचा न्यायालयांनी आजवर कोणता अर्थ लावला आणि तो अर्थ आजही टिकून आहे काय, याचा वकिलाने आदल्या रात्री घेतलेला शोध हे त्याचे स्वरूप होय. पहिल्या अर्थाच्या संशोधनाला स्वतंत्र अभ्यासपत्रिका आहे, ग्रंथ आहेत, चर्चासत्रे आहेत. दुसरे संशोधन मात्र नवोदित वकिलाने ज्येष्ठांच्या हाताखाली पाहून पाहून शिकावे अशी अपेक्षा असते. ज्येष्ठ चांगले मिळाले तर तो शिकतो, न मिळाले तर पक्षकाराच्या खर्चाने शिकतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या संशोधनाचा विचार केला आहे.

या कौशल्याविषयी प्रचलित समजूत अशी की ते मुख्यतः सापडवण्याचे कौशल्य आहे. ज्याला चटकन आणि भरपूर न्यायनिर्णय सापडतात तो चांगला संशोधक. ही समजूत अपुरी आहे, एवढेच म्हणून भागणार नाही. ती धोकादायक आहे. भारतीय फौजदारी न्यायव्यवस्थेच्या अलीकडच्या इतिहासातील एका प्रकरणमालिकेवरून हे दाखविता येते. या मालिकेत कोणालाही न्यायनिर्णय सापडला नाही असे घडले नाही. उलट, एक न्यायनिर्णय फार सहज सापडत राहिला.

'रावजी' निर्णयाचा प्रवास

फौजदारी प्रक्रिया संहिता, 1973 च्या कलम 354(3) ने देहदंडाची शिक्षा देताना विशेष कारणे नमूद करणे न्यायालयांवर बंधनकारक केले. या तरतुदीची आणि एकूणच देहदंडाची घटनात्मकता 1980 मध्ये 'बचन सिंग विरुद्ध पंजाब राज्य' या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठासमोर तपासली गेली. चार विरुद्ध एक अशा बहुमताने देहदंड वैध ठरला, परंतु त्याबरोबर एक निश्चित चौकट आखून दिली गेली. शिक्षा ठरविताना केवळ गुन्ह्याचे स्वरूप पाहावयाचे नाही, गुन्हेगारही पाहावयाचा. त्याचे वय, परिस्थिती, मानसिक अवस्था, तो सुधारण्याची शक्यता या सर्वांचा विचार व्हावा आणि दुसरा पर्याय निर्विवादपणे बंद झाला असेल अशा विरळातील विरळ प्रकरणीच देहदंड द्यावा, असे ते सूत्र होते.

त्यानंतर 1995 च्या डिसेंबरमध्ये 'रावजी उर्फ रामचंद्र विरुद्ध राजस्थान राज्य' हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठासमोर निकाली निघाले. गुन्हा भीषण होता. पत्नी व लहान मुलांसह पाच जणांची हत्या झाली होती. देहदंड कायम करताना खंडपीठाने असे प्रतिपादन केले की, योग्य शिक्षेचा विचार करताना गुन्ह्याचे स्वरूप व गांभीर्य हेच प्रस्तुत असते, गुन्हेगार नव्हे. बचन सिंगच्या चौकटीचा अर्धा भाग या एका विधानाने पुसला गेला. दोन न्यायमूर्तींच्या पीठाला पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे सूत्र बदलण्याचा अधिकार नाही, हे विधी शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. तरीही ते विधान छापले गेले, राज्यघटनेच्या अनुच्छेद 141 च्या छत्राखाली प्रतिष्ठित झाले आणि पुढे उद्धृत होऊ लागले.

ते का उद्धृत झाले, याचा विचार करण्यासारखा आहे. बचन सिंगचा निर्णय दीर्घ आहे. त्यातील सूत्र अटी, अपवाद आणि समतोल यांनी भरलेले आहे. ते एका वाक्यात उचलता येत नाही. रावजीतील विधान आटोपशीर होते, ठाम होते आणि युक्तिवादात जसेच्या तसे बसणारे होते. उद्धृत करण्यास सोयीचे वाक्य हे कायद्याच्या दृष्टीने योग्य वाक्य असतेच असे नाही. परंतु घाईच्या संशोधनात सोय नेहमी जिंकते. एका निर्णयाने रावजीचा आधार घेतला, दुसऱ्याने त्या निर्णयाचा व रावजीचा असा दोहोंचा घेतला आणि तिसऱ्याच्या वेळेपर्यंत ती 'निर्णयांची सातत्यपूर्ण मालिका' झाली. मूळ एकच असताना साक्षीदार अनेक झाल्याचा भास निर्माण झाला. कलाशाखेतील प्राध्यापकांना हा प्रकार अपरिचित नसावा. दुय्यम संदर्भावरून घेतलेले अवतरण प्रबंधांतून कसे फिरत राहते, हे शोधनिबंध तपासणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फरक इतकाच की तेथे फार तर पदवी अडते.

2009 च्या मे महिन्यात 'संतोषकुमार सतीशभूषण बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा धागा उलट्या दिशेने उकलला. रावजीचा निर्णय बचन सिंगशी विसंगत असून तो अनवधानाने, म्हणजे वकिली परिभाषेत 'पर इन्क्युरियम' दिला गेला आहे, असे न्यायालयाने स्पष्टपणे सांगितले. इतकेच नव्हे तर रावजीवर विसंबलेल्या नंतरच्या सहा निर्णयांची नोंदही घेतली. त्यांतील दोन महाराष्ट्रातील प्रकरणांत दिलेले होते. येथे एक बारकावा लक्षात घ्यावयास हवा. बरियारचे पीठही दोनच न्यायमूर्तींचे होते. समान संख्येचे पीठ दुसऱ्या समान पीठाचा निर्णय सहसा रद्दबातल ठरवू शकत नाही. मतभेद असल्यास प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवावे लागते. परंतु आधीच्या पीठाने मोठ्या पीठाचा बंधनकारक निर्णय डावलला असेल, तर नंतरचे पीठ मोठ्या पीठालाच अनुसरते. बरियारमध्ये हेच झाले. हा भेद ज्याला सांगता येत नाही त्याला पूर्वनिर्णयाची पद्धत कळली असे म्हणता येणार नाही, मग त्याने तोंडपाठ केलेल्या निर्णयांची संख्या कितीही असो.

बरियारच्या केवळ दोन आठवडे आधी, 30 एप्रिल 2009 रोजी, महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सहा जणांना देहदंड झाला होता. भटक्या जमातीतील या सहा आरोपींपैकी तिघांची शिक्षा उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती वाढवून सहाही जणांना फाशी सुनावली. त्या निर्णयातही रावजीचा आधार होता. हे दोन्ही निर्णय 'सुप्रीम कोर्ट केसेस'च्या 2009 च्या सहाव्या खंडात छापलेले आहेत. एका निर्णयात जे सूत्र चुकीचे ठरले, त्याच सूत्रावर उभा असलेला दुसरा निर्णय त्याच बांधणीत पुढच्या पानांवर आहे. ग्रंथालयातून तो खंड काढणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला धडा कोणते पाठ्यपुस्तक देणार?

2012 मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून, या सदोष आधारावर देहदंड झालेल्या तेरा जणांची शिक्षा कमी करण्याची विनंती केली. दोघांच्या बाबतीत ही विनंती करण्यात अर्थ उरला नव्हता. स्वतः रावजीला 1996 मध्ये आणि त्याच्या निर्णयावर विसंबून शिक्षा झालेल्या राजस्थानातील आणखी एकाला 1997 मध्ये फाशी देण्यात आली होती. रावजीतील ते विधान नसते तर शिक्षा निश्चितच वेगळी झाली असती, असा दावा करता येणार नाही. गुन्हे गंभीर होते. पण जो प्रश्न विचारणे कायद्याने बंधनकारक होते तो विचारला गेला नाही, आणि ही त्रुटी तेरा वर्षे उभय बाजूंच्या वकिलांच्या, तसेच न्यायपीठाच्याही नजरेतून सुटत गेली.

चुकीचे मूळ रावजीतच आहे काय, यावर मतभेद होऊ शकतो. 1983 च्या 'मच्छी सिंग विरुद्ध पंजाब राज्य' या तीन न्यायमूर्तींच्या निर्णयात गुन्ह्यांचे काही वर्ग सांगितले गेले आणि भर गुन्हेगाराकडून गुन्ह्याकडे सरकण्यास तेथून प्रारंभ झाला, असे मानण्यास जागा आहे. 2012 च्या 'संगीत विरुद्ध हरियाणा राज्य' या निर्णयातील विवेचन याच दिशेने जाते. म्हणजे माग काढणाऱ्याने पहिल्या चुकीपाशी थांबून चालत नाही. ती चूक कोणत्या उतारावर घडली हेही पाहावे लागते.

निर्णय आणि निर्णयाधार

वकीलवर्गात ज्याला 'रेशो' म्हणतात तो निर्णयाधार आणि ओघात केलेले प्रासंगिक भाष्य यांतील भेद प्रत्येक पाठ्यपुस्तकात दिलेला असतो. 1968 च्या 'ओरिसा राज्य विरुद्ध सुधांशू शेखर मिश्रा' या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हे बजावले आहे की, निर्णय हा प्रत्यक्षात ज्या मुद्द्याचा निवाडा करतो तेवढ्यापुरताच प्रमाण असतो. त्यातील प्रत्येक निरीक्षण वा त्यातून तर्काने निघू शकणारी प्रत्येक गोष्ट प्रमाण नसते. परीक्षेत या भेदावर पाच गुणांचे टिपण सगळेच लिहितात. प्रत्यक्ष निर्णय हाती देऊन 'यातील आधार कोणता ते अधोरेखित करा' असे सांगितले तर मात्र वर्ग शांत होतो. याचे कारण विद्यार्थी मूळ निर्णय क्वचित वाचतो. तो हेडनोट वाचतो. हेडनोट हे संपादकाचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे. नागपूरहून निघणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'ची असो वा अन्य कोणत्याही निर्णयसंग्रहाची, ती वाट दाखविणारी पाटी होय. पाटीला गाव समजून तेथेच उतरणारा प्रवासी जसा, तसा हेडनोटवर युक्तिवाद उभा करणारा वकील.

पीठाची न्यायमूर्तीसंख्या पाहण्याच्या सवयीचेही असेच आहे. खाजगीपणाच्या हक्कावर 2015 मध्ये शासनातर्फे जो आक्षेप घेतला गेला तो केवळ संख्येवर उभा होता. 1954 च्या 'एम. पी. शर्मा' प्रकरणात आठ आणि 1962 च्या 'खरक सिंग' प्रकरणात सहा न्यायमूर्तींचे पीठ होते. खाजगीपणाला मान्यता देणारे 1975 च्या 'गोविंद' निर्णयापासूनचे निर्णय लहान पीठांचे होते. चार दशके सर्वांनी ज्याला स्थिर कायदा मानले त्याचा पाया या आक्षेपाने हलला. ज्यांना या हक्काविषयी आस्था आहे त्यांना हा आक्षेप रुचणार नाही. पण संशोधन म्हणून तो अव्वल दर्जाचा होता हे मान्य केले पाहिजे. त्यामुळेच नऊ न्यायमूर्तींचे पीठ बसले आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी 'पुट्टस्वामी' निर्णयाने हक्क भक्कम पायावर उभा राहिला.

मृत कलमाचा वावर

न्यायनिर्णयाप्रमाणेच कायद्याच्या मजकुराचीही पारख लागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 66-अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी 'श्रेया सिंघल' प्रकरणात घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तरीही त्या कलमाखाली गुन्हे नोंदविणे चालूच राहिले. 2021 मध्ये हा विषय पुन्हा न्यायालयापुढे आला तेव्हा महान्यायवादींनी दिलेला खुलासा मासलेवाईक आहे. पुस्तकात कलमाचा मूळ मजकूर तसाच छापलेला असतो आणि ते रद्द झाल्याची नोंद तळटीपेत असते. पोलीस अधिकारी तळटीप पाहत नाही. या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही असा आदेश अखेर 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा द्यावा लागला. पोलीस अधिकाऱ्याने तळटीप पाहिली नाही हे समजू शकते. त्याने नोंदविलेल्या गुन्ह्यात जामिनासाठी उभे राहिलेल्या वकिलानेही ती पाहिली नसेल, तर दोष कोणाच्या शिक्षणाचा?

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे अंमलात आल्याने हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. भारतीय दंड संहितेचे कलम 302 खुनाच्या शिक्षेचे होते. भारतीय न्याय संहितेत ती शिक्षा कलम 103 मध्ये आहे, आणि त्या संहितेचे कलम 302 धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांविषयी आहे. जुन्या तारखेच्या गुन्ह्याला जुनाच दंडविधी लागू राहणार असल्याने वकिलाला पुढील अनेक वर्षे दोन्ही संहिता शेजारी ठेवून काम करावे लागेल. केवळ कलमांचा तक्ता पाठ करून हे साधणार नाही, कारण काही तरतुदींचा क्रमांक बदलला आहे, तर काहींचा आशय.

साधनांची सुलभता

एके काळी तालुक्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्याला निर्णयसंग्रह परवडत नसत. बार असोसिएशनच्या कपाटात असतील तेवढेच खंड ही त्याच्या कायद्याची सीमा होती. ती विषमता आता बरीच ओसरली आहे. 2023 च्या जानेवारीपासून सर्वोच्च न्यायालयाने आपले निर्णय 'ई-एससीआर' द्वारे विनामूल्य उपलब्ध करून दिले आणि त्यांपैकी अनेकांचे मराठी अनुवादही येऊ लागले. ही मोठीच सोय आहे. परंतु अनुवादात यंत्राची मदत घेतलेली असते आणि अधिकृत पाठ इंग्रजीच राहतो. रावजीतील ज्या शब्दावर सारा अनर्थ झाला, तसा एखादा शब्द 'प्रस्तुत', 'महत्त्वाचा' की 'संबंधित' म्हणून उतरला यावर अर्थ डोलत असेल, तर मूळ पाठ उघडल्यावाचून गत्यंतर नाही.

शोधयंत्राने आणखी एक सवय लावली आहे. त्यात शब्द टाकला की ज्या निर्णयात तो शब्द आहे ते समोर येतात. मात्र कायद्याचा मुद्दा नेहमी त्याच शब्दांत मांडलेला नसतो. विषयसूचीवरून शोधणारा जुना वकील शेजारची नोंदही पाहत असे. शोधयंत्र शेजार दाखवीत नाही. त्याही पुढचा टप्पा कृत्रिम बुद्धिमत्तेचा. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधील 'माटा विरुद्ध एव्हिआन्का' या प्रकरणात संगणकाने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेले निर्णय सादर केल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. त्यावर जगभर चर्चा झाली आणि ती रास्तही होती. पण बनावट निर्णय पकडणे सोपे आहे; तो उघडायला गेले की सापडत नाही. रावजी सापडत होता. त्याला खंड होता, पृष्ठ होते, सर्वोच्च न्यायालयाची मुद्रा होती. तो खरा होता आणि चुकीचा होता. ही चूक कोणतेही यंत्र, निदान आजच्या पद्धतीने, आपणहून सांगणार नाही. उलट जितक्या अधिक निर्णयांत तो उद्धृत झाला तितका तो यंत्राला अधिक विश्वसनीय वाटेल.

याबाबतीत घरचेच एक उदाहरण आठवते. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 1930 ते 1962 या काळात धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत सिद्ध केला. लुप्त झालेल्या कात्यायनस्मृतीची व्यवहारविषयक वचने निबंधग्रंथांतून वेचून त्यांनी 1933 मध्ये ती प्रसिद्ध केली. कोणते वचन कोणत्या ग्रंथकाराने कोणाच्या नावावर दिले आहे हे तपासण्याचे ते काम होते. काण्यांचे गुणगान आपल्याकडे पुष्कळ होते, ते बहुधा भारतरत्न म्हणून. अवतरणाचा माग काढणारा वकील म्हणून विधी महाविद्यालयात त्यांचे नाव निघत नाही.

अध्यापनाचा प्रश्न

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांत पदवी स्तरावर अभिरूप न्यायालय, मसुदालेखन, व्यावसायिक नीती आणि पर्यायी तंटा निवारण यांना प्रात्यक्षिक अभ्यासक्रमाचे स्थान मिळाले. संशोधन पद्धती हा अनिवार्य विषय होतो तो पदव्युत्तर स्तरावर, आणि तेथेही विद्यापीठीय अर्थाने. म्हणजे जो न्यायालयात जाणार आहे त्याला ती शिकविली जात नाही आणि ज्याला शिकविली जाते तो बहुधा अध्यापनाकडे वळतो. अभिरूप न्यायालय स्पर्धांमुळे ही उणीव भरून निघते असे सांगितले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु स्पर्धेतील निवेदनात जितके अधिक निर्णय तितके ते वजनदार, अशी समजूत तेथेही रुजली आहे. आपल्या विरुद्ध जाणारा निर्णय शोधून काढून त्याला उत्तर देणाऱ्या संघाला स्वतंत्र गुण देणारी स्पर्धा विरळच.

शिवाय वकिलाचे संशोधन छापील निर्णयांपाशी संपत नाही. बचन सिंगने गुन्हेगाराची परिस्थिती पाहण्यास सांगितले. ती परिस्थिती कोणत्याही निर्णयसंग्रहात नसते. ती आरोपीच्या घरी, शाळेच्या दाखल्यात, तुरुंगाच्या नोंदवहीत असते. 2022 च्या 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अशी माहिती खटल्याच्या टप्प्यावरच मागविण्याचे निर्देश दिले. बचन सिंगनंतर बेचाळीस वर्षांनी.

वर उल्लेखिलेल्या सहा आरोपींच्या प्रकरणात याचे विदारक प्रत्यंतर येते. फेरविचारात मूळ अपील पुन्हा ऐकले गेले आणि 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश महाराष्ट्र शासनाला झाला. या मुक्ततेचे कारण रावजी नव्हता, बचन सिंगही नव्हता. घटनेनंतर लगेचच एका प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच व्यक्तींना ओळखले होते, आणि ती नोंद प्रकरणाच्या कागदपत्रांत पहिल्यापासून होती.